गिऱ्हाईकासमोर आपलं दुखणं: काउंटरवर बोलण्याआधी काय काय करायचं

बस्त्याचं गिऱ्हाईक होतं. मोहोळकडची मंडळी, नऊ-दहा जण, मुलीचं लग्न. शिडीवरून साड्यांची थप्पी उतरवताना मी बोलून गेले, "पिशवीचं ऑपरेशन झालंय ना, चढ-उतर केली की पोटात ओढ लागते." मुलीच्या आईनं त्यानंतर वरच्या फळीवरची एकही साडी मागितली नाही. नजर वर जायची, पण तोंडातून शब्द निघायचा नाही. मानपानाच्या साड्या घ्यायला ती मंडळी दुसऱ्या दुकानात गेली. पुढे कधीतरी त्या बाई भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तुम्हाला अजून वर चढवायचं माझ्या जिवावर आलं ओ."

सोलापूरच्या चाटी गल्लीत आणि नवी पेठेत मिळून माझी वीसच्या वर वर्षं साडीच्या काउंटरवर गेली. आता नव्या मुलींना काम शिकवते आणि दर लगीनसराईत हीच चूक बघते. गुडघे, शुगर, अॅसिडिटी, पाळी, झोप नाही, बीपी वाढलंय. गिऱ्हाईक पदर बघायला आलेलं असतं आणि आपण त्याला आपला केसपेपर वाचून दाखवतो. ऐकणाऱ्याला काही उपाय करता येत नाही आणि उठून जाताही येत नाही. मग ते खरेदी आवरतं घेतं. आपलं दुखणं मात्र होतं तिथंच राहतं.

बहुतेक जणी यावर एकच उपाय करतात. "उद्यापासून काही बोलायचं नाही" असं ठरवतात आणि ते दुपारपर्यंतसुद्धा टिकत नाही. तोंड आधी बंद केलं आणि दुखण्याची सोय केलीच नाही, तर दुसरं होणार काय? म्हणून खालचा क्रम बदलू नका. वाक्यं चौथ्या टप्प्यात येतात, कारण त्याआधीची तीन कामं झाल्याशिवाय ती वाक्यं तोंडात येतच नाहीत.

आधी हे वाचा. छातीत दाब येऊन घाम फुटणं, हातात किंवा जबड्यात कळ जाणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अचानक अडखळणं, शुगरच्या माणसाला एकाएकी थरथर सुटणं, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी येणं, यातलं काहीही झालं तर समोर असेल त्याला मोठ्यानं सांगायचं. गिऱ्हाईक असलं तरी सांगायचं. कोणाला तरी 108 ला फोन लावायला सांगायचं. हा लेख रोजच्या कुरकुरीबद्दल आहे. संकट लपवायला मी कोणालाही सांगणार नाही.

## टप्पा 1: तीन दिवस नुसतं मोजा

जुन्या बिलबुकाचं मागचं कोरं पान घ्या. चार रकाने पाडा: किती वाजले, गिऱ्हाईक कोण, काय बोललात, त्याच्या आधी काय झालं. तीन दिवस फक्त लिहायचं, सुधारायला जायचं नाही.

नुसते शब्द मोजू नका. उठताना "आई गं" म्हणणं, कमरेवर हात ठेवून उभं राहणं, गोळ्यांची पट्टी काउंटरवर ठेवणं, कपाळाला बाम चोळून त्या वासासकट साडी दाखवणं, ही सगळी तक्रारच असते आणि गिऱ्हाइकाला ती बरोबर कळते. बामाचा वास तर घडीत बसतो आणि साडीबरोबर घरी जातो.

माझ्या मुलींच्या पानांवर खुणा दोन वेळांना दाटतात. एक, दुपारचा डबा लांबला की. दुसरी, संध्याकाळी सहानंतर, पाय भरून आल्यावर. शिवाय एक विशिष्ट गिऱ्हाईक दिसतं: ओळखीची, आईच्या वयाची, मायेनं बोलणारी बाई. तिच्यापुढं सगळं बाहेर येतं.

नेहमीची चूक: रात्री घरी जाऊन आठवून लिहिणं. निम्मं विसरलेलं असतं आणि उरलेल्यात आपण स्वतःला माफ केलेलं असतं. गिऱ्हाईक पायरी उतरलं की लगेच खूण करा.

पडताळा: "आधी काय झालं" हा रकाना भरला आहे का? तो रिकामा असेल तर आणखी दोन दिवस लिहा. पुढचं सगळं काम त्याच रकान्यावर चालतं.

## टप्पा 2: प्रत्येक दुखण्याला त्याचा कान शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. पानावरच्या तक्रारी एकेक करून बघा आणि प्रत्येकीपुढं लिहा: ही डॉक्टरची, ही मालकाची, की ही नुसती ऐकून घेणाऱ्या माणसाची?

डॉक्टरची. आपल्याकडं दुखणं अंगावर काढायची सवय आहे. महिनाभर टाच दुखते, चाळीस गिऱ्हाइकांना ते माहीत असतं आणि डॉक्टरला एकदाही सांगितलेलं नसतं. पानावर एकच तक्रार तीनदा दिसली तर ती डॉक्टरकडं गेलीच पाहिजे. जाताना चिठ्ठी न्या: केव्हापासून, दिवसात कोणत्या वेळी, कशानं वाढतं, कोणत्या गोळ्या चालू आहेत. गिऱ्हाइकांना सांगून सांगून आपल्याला ते पाठ झालेलं असतं, पण डॉक्टरसमोर बसलं की "असंच, थोडं दुखतं" एवढंच निघतं. चिठ्ठी त्यासाठी हवी. सिव्हिलची ओपीडी गाठायची तर सकाळचा वेळ जातो, तेव्हा अर्ध्या दिवसाची सुट्टी आदल्या दिवशीच मागून ठेवा. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला असेल तर थुंकी तपासून घ्या. सरकारी केंद्रात ती तपासणी मोफत होते.

पगारातून ईएसआयसीचे, म्हणजे सरकारी कामगार विम्याचे, 0.75 टक्के कापले जात असतील तर पगाराच्या चिठ्ठीवर तो आकडा बघा आणि आपला विमा क्रमांक मालकाकडून मागून घ्या. ठरलेले दिवस वर्गणी भरलेली असेल, तर ईएसआयच्या डॉक्टरच्या दाखल्यावर आजारपणाच्या दिवसांचे मजुरीच्या 70 टक्के मिळतात, वर्षात 91 दिवसांपर्यंत. खाडा पडला की पैसे गेले, या भीतीनं कितीतरी जणी ताप अंगात घेऊन काउंटरवर येतात आणि मग दिवसभर गिऱ्हाइकांना ताप सांगतात. कापले गेलेले पैसे आपलेच आहेत, ते वापरा.

मालकाची. "मालक, पाय लई दुखायलेत ओ" हे मागणं झालं नाही. त्यावर मालक "बघू" म्हणणार. मागताना एक गोष्ट मागा, तिची वेळ सांगा आणि काम कसं अडणार नाही तेही सांगा:

"मालक, गल्ल्याजवळचं स्टूल दुपारी 3 ते 5 माझ्याकडं राहू द्या. घड्या बसून घालते."

"मालक, शुगरची गोळी आहे, 1 वाजता जेवायलाच पाहिजे. तेवढी वीस मिनिटं ती माझा काउंटर बघेल, मी दोनला तिचा बघते."

दुसऱ्या वाक्यात जोडीदारणीला आधी विचारलेलं असावं. हे बोलायची वेळ म्हणजे सकाळी उदबत्ती लावून झाल्यावर, गिऱ्हाईक यायच्या आत. भवानी व्हायची आहे, दुकानात माणसं उभी आहेत किंवा रात्री हिशोब लागत नाहीये, अशा वेळी गेलात तर मागणं वाया जातं.

ऐकून घेणाऱ्याची. काही दुखण्यांवर आज उपाय नसतो. पाळी जायच्या वयातल्या अंगातल्या वाफा, रात्रभर न लागलेली झोप, ऑपरेशनची भीती. हे कोणालातरी सांगावंसं वाटणं अगदी माणसासारखं आहे आणि ते दाबून टाका असं मी म्हणणार नाही. एक जण निवडा. बरोबरची बाई, बहीण, शेजारीण. तिला विचारा, "जाताना दहा मिनिटं ऐकशील का?" रिक्षा स्टॉपपर्यंतची वाट त्याला पुरते. आणि दुसऱ्या दिवशी तिचं ऐका, नाहीतर आठवड्यात तीही तुम्हाला चुकवायला लागेल. सतत रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, तर 14416 हा टेली-मानसचा क्रमांक आहे. सरकारी सेवा, मोफत, रात्रीसुद्धा चालू, मराठीतून बोलता येतं.

सावध: गिऱ्हाइकाला सांगितलेलं दुखणं दुकानात राहत नाही. आपल्या गावात ते अशोक चौकात सांगितलं तर संध्याकाळी विडी घरकुल वसाहतीत पोचतं. पिशवीचं ऑपरेशन, फिट येणं, मनाच्या आजाराच्या गोळ्या, असल्या गोष्टी पुढं मुलीच्या सोयरिकीत वेगळ्या तोंडानं समोर येतात. तसं होणं चूकच आहे, पण होतं. आपलं गुपित कोणाकडं जावं हे आपणच ठरवावं.

पडताळा: पानावरची प्रत्येक तक्रार कोणत्यातरी एका नावापुढं गेली का? एखादी उरली असेल तर तीच उद्या काउंटरवर बाहेर येणार.

## टप्पा 3: अंगाची सोय लावा

तक्रारींतल्या बऱ्याच या टप्प्यात गळून पडतात.

पाण्यापासून सुरू करा. गल्लीतल्या कित्येक जुन्या दुकानांत बायकांसाठी स्वच्छतागृह नाही, म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. सोलापूरचा एप्रिल-मे चाळीस अंशांच्या वर तापतो. त्यात घोटभर पाण्यावर दिवस काढला की डोकं दुखणार, लघवीला जळजळ होणार, पोट साफ होणार नाही. आणि मग डोकेदुखीचं रडगाणं गिऱ्हाइकाच्या कानावर. जवळचं स्वच्छ स्वच्छतागृह कुठं आहे ते शोधून ठेवा, जायच्या दोन-तीन वेळा ठरवा, त्या वेळी काउंटर कोण बघणार ते जोडीदारणीशी ठरवा. एवढं झालं की बाटली भरून आणा आणि संपवा. आधी बाटली आणून उपयोग नाही, ती तशीच भरलेली घरी जाते.

उभं राहून काम असेल तर पायाखाली जुनी सोलापुरी चादर चार घड्या करून घाला, नुसत्या फरशीवर उभं राहू नका. गादीवर बसून काम असेल तर प्रत्येक गिऱ्हाईक उठलं की आपणही एकदा उठा, मांडी बदला. जो माल सगळ्यात जास्त मागितला जातो तो कमरेपासून खांद्यापर्यंतच्या फळ्यांवर लावा. शिडी दिवसातून वीसदा चढायची ती पाचदा चढावी लागेल. मी ऑपरेशननंतर हे केलं असतं तर त्या दिवशीचं वाक्य निघालंच नसतं.

डबा उशिरा उघडणार हे माहीत असलेल्या दिवशी, म्हणजे बस्त्याच्या तिथीला किंवा गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, मुठीएवढे फुटाणे जवळ ठेवा. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर किंवा ग्लुकोजची पुडीसुद्धा, आणि ती कुठं आहे हे बरोबरच्या बाईला माहीत असू द्या.

## टप्पा 4: चाळणी आणि ठरलेली वाक्यं

बोलण्याआधी एकच प्रश्न: हे ऐकून गिऱ्हाइकाला काही करायचं आहे का?

करायचं असेल तर सांगायचंच, एका वाक्यात, आजाराचं नाव न घेता. "अक्का, मला थोडी सर्दी आहे, मास्क लावून दाखवते, चालेल ना?" "वरचा माल हा मुलगा काढून देईल, तुम्ही फक्त रंग सांगा." "माझा आवाज बसलाय, जरा जवळ या." यातलं प्रत्येक वाक्य समोरच्याला काय करायचं ते सांगतं आणि तिथंच थांबतं. त्या मोहोळच्या आईला मी "वरच्या साड्या हा मुलगा काढून देतो, बघा किती बघायच्या तेवढ्या" एवढं म्हणाले असते, तर तिनं सगळी फळी बघितली असती.

काही करायचं नसेल तर ते टप्पा 2 मधल्या माणसासाठी राखून ठेवायचं.

आता खरी अडचण. आपल्या गावात नमस्काराची सुरुवातच तब्येतीनं होते. "बरं हाय का?" पूर्व भागातलं गिऱ्हाईक तेलुगूत "बागुन्नारा?" म्हणत येतं, अक्कलकोट-विजापूरकडचं कानडीत "आराम इद्दीरि?" म्हणत येतं. तिन्ही भाषांत विचारणारा दारात चप्पल काढता काढता हे म्हणत असतो. त्याला उत्तरात रिपोर्ट नको असतो. नव्या मुली इथंच घसरतात, कारण विचारलं म्हणून सांगितलं असं त्यांना वाटतं. यासाठी उत्तर पाठच करून ठेवा:

- "बरं आहे अक्का. तुम्ही कशा? या, बसा."
- "चेहरा का उतरलाय?" असं कोणी विचारलं तर: "ऊन लई आहे ना. तुम्हाला पाणी देऊ?"
- ऑपरेशन झालेलं माहीत असलेलं जुनं गिऱ्हाईक: "आता बरी आहे, तुम्ही आठवणीनं विचारलंत, बरं वाटलं. आज काय दाखवू?"

तिसऱ्या वाक्यात आभार खरे असू द्या. विचारणारी माणसं मोलाची असतात, त्यांना तोडून टाकायचं नाही. तिला खरंच सविस्तर ऐकायचं असेल तर ती घरी येईल, फोन करेल.

नेहमीची चूक: "काही नाही हो, चालायचंच" असं उसासा टाकून म्हणणं. त्यात तक्रार लपत नाही, उलट समोरच्याला खोदून विचारावं लागतं. वाक्य घरी आरशासमोर मोठ्यानं म्हणा आणि शेवटाला आवाज खाली जातोय का ते ऐका.

## टप्पा 5: प्रत्यक्ष काउंटरवर

शब्द जिभेवर आला की हात कामाला लावा. पुढची घडी उलगडा आणि गिऱ्हाइकाला मालाबद्दल प्रश्न विचारा. "काठ मोठा हवा की बारीक?" प्रश्न विचारला की आपलं तोंड थांबतं आणि लक्ष समोरच्याकडं जातं.

गिऱ्हाईकच स्वतःचं दुखणं सांगू लागलं तर? हे रोज होतं. म्हाताऱ्या बाया गुडघ्याला हात लावत पायरी चढतात आणि सुरू होतात. इथं मोह होतो, "माझंपण सेम आहे ओ." म्हटलं की दहा मिनिटं गेली, आणि तिच्या दुखण्यावर आपण आपलं दुखणं मांडून ठेवलं. तिला खुर्ची द्या, पाणी द्या, माल तिच्या मांडीवर आणून दाखवा. "सावकाश बघा, घाई नाही" एवढं पुरतं.

औषधांच्या दुकानात काम करणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, तुमच्याकडं हा मोह धोक्याचा आहे. "मलापण हीच गोळी आहे, मी अर्धीच घेते" असं काउंटरमागून ऐकलेलं माणूस तुम्हाला जाणकार समजतं आणि घरी जाऊन खरंच अर्धी घेतं. गोळीच्या प्रमाणाचा प्रश्न आला तर दुकानातल्या फार्मासिस्टकडं किंवा लिहून देणाऱ्या डॉक्टरकडं पाठवा. आपला अनुभव तिथं चुकूनसुद्धा सांगू नका.

पार्लरमधल्या मुलींची गोष्ट आणखी अवघड. गिऱ्हाईक तासभर तुमच्या हाताखाली डोळे मिटून बसलेलं असतं, उठता येत नाही. तिथं गप्पा न मारणं शक्यच नसतं, तर त्या दिवसासाठी दोन विषय सकाळीच ठरवून जा. सण, मुलांच्या शाळा, कुठल्या हुरड्याला जायचं. गप्पांना विषय मिळाला की तब्येत आठवत नाही.

पडताळा: दुपारच्या डब्याआधी आणि दुकान बंद होताना पान काढा, खुणा करा. चार रकान्यांतला दुसरा आणि चौथा तेवढा भरला तरी चालेल.

## टप्पा 6: तोंडून निघालंच तर

निघणार. पहिल्या आठवड्यात तर नक्की. त्यावर एकच वाक्य टाका आणि मालाकडं परत या: "असो, औषध चालू आहे. हा जांभळा रंग बघा, उन्हात बघा जरा." माफी मागत बसू नका, त्यानं तोच विषय लांबतो. गिऱ्हाइकानं उपाय म्हणून काकडी सांगितली, मेथी सांगितली, कोण्या वैद्याचं नाव सांगितलं, तर "बरं, लक्षात ठेवते" म्हणा. तो उपाय खोडून काढू नका आणि तपशीलही विचारू नका.

गिऱ्हाईक संकोचलं आहे हे दिसलं, म्हणजे वर बघतंय पण मागत नाहीये, तर आपणहून काढा किंवा काढायला लावा. "वरच्या दोन थप्प्या बाकी आहेत, त्या बघितल्याशिवाय जायचं नाही." संकोच मोडायचं काम आपलं आहे, कारण तो आपण दिलेला असतो.

करू नका: वाईट वाटलं म्हणून भाव कमी करणं. दुखणं सांगून सूट दिली की दुखणं आणि दर यांची गाठ बसते, आणि पुढच्या वेळी गिऱ्हाईक तीच सांगड धरून येतं.

## मालकांनी एवढं करावं

"ग्राहकांशी वैयक्तिक बोलू नये" अशी पाटी लावू नका. गिऱ्हाइकासमोर बाईला झापू नका, तिचं दुखणं तर उघड झालंच आहे, वर अपमान नको. दुकान बंद झाल्यावर बाजूला बोलवा आणि आधी विचारा, "बसायला मिळतं का? जेवायला वेळेवर सोडतो का मी?" दोन्हींचं उत्तर नाही असेल तर तिला सांगण्यासारखं तुमच्याकडं अजून काही नाही. स्टूल आणा, मग बोला. आणि तिनं विश्वासानं सांगितलेला आजार गल्ल्यावर बसून तुम्ही गिऱ्हाइकाला सांगू नका. "तिला बरं नसतं हल्ली, म्हणून हळू आहे" हे वाक्य मी मालकांच्याच तोंडून कितीदा ऐकलंय.

## पंधरा दिवसांनी

पुन्हा तीन दिवस मोजा, त्याच चार रकान्यांत, आणि दोन्ही पानं शेजारी ठेवा. आकडा शून्य येणार नाही, यायची गरजही नाही. निम्म्यावर आला तरी गिऱ्हाईक जास्त वेळ बसायला लागलेलं तुम्हाला दिसेल.

कमी झाला नसेल तर चौथ्या टप्प्याची वाक्यं पुन्हा घोकू नका. दुसऱ्या टप्प्यावर परत जा. डॉक्टरकडं जायचं राहिलंय का, स्टूल मागितलं पण मिळालं नाही का, रिक्षा स्टॉपपर्यंत ऐकणारी बाई रजेवर आहे का, हे बघा. आणि खुणा अजूनही दुपारी दीडच्या आसपासच दाटलेल्या असतील तर बाकी सगळं सोडून आधी डबा किती वाजता उघडला, ते पानावर लिहायला लागा.